टाक्यांच्या उत्सर्जनाचा आकडा दर वर्षी का हलतो? कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. गेल्या वर्षी इलेक्ट्रोप्लेटिंग शेडमधल्या हार्ड क्रोमच्या, म्हणजे वीज वापरून धातूवर क्रोमचा जाड थर चढवण्याच्या, टाक्यांचं क्रोमियम उत्सर्जन वर्षाला १.२ किलो निघालं, यंदा तेच ३६० ग्रॅमवर आलं. टाक्या त्याच, हवा धुणारा स्क्रबर तोच, मालही जवळपास तेवढाच. वरची मंडळी खूश असतात. ज्याने हिशेब केला तो मात्र अस्वस्थ असतो, कारण पुढच्या वर्षी आकडा परत चढला तर उत्तर काय द्यायचं हे त्याला कळत नाही.

हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की आता फाइल उघडण्याआधी मी एकच विचारतो: चिमणीची चाचणी चालू होती तेव्हा रेक्टिफायर, म्हणजे टाकीला डीसी करंट देणारं यंत्र, किती अ‍ॅम्पिअरवर होता? बहुतेक अहवालांत ही ओळ नसतेच. हवेचा वेग असतो, तापमान असतं, दमटपणा असतो, सॅम्पलिंगच्या बाटल्यांचे क्रमांक असतात. टाकीत काय चाललं होतं याचा पत्ता नसतो.

दोन चाचण्या, एकच टाकी

वरचंच उदाहरण आकड्यांत घेऊ. पहिल्या वर्षी चाचणीच्या दिवशी कामाची गर्दी होती, सगळ्या टाक्या भरलेल्या, एकूण करंट ४,००० अ‍ॅम्पिअर. चिमणीत क्रोमियम ०.०१० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, हवा तासाला २०,००० घनमीटर. म्हणजे तासाला २०० मिलिग्रॅम. वर्षाचे ६,००० तास धरले, गुणाकार केला, १.२ किलो.

दुसऱ्या वर्षी चाचणी करणारे आले त्या दिवशी दोन टाक्या रिकाम्या होत्या आणि करंट होता १,२०० अ‍ॅम्पिअर. चिमणीत सापडलं ०.००३. हवा तेवढीच. तासाला ६० मिलिग्रॅम, गुणिले ६,०००, म्हणजे ३६० ग्रॅम.

आता हेच करंट गुणिले तास या हिशेबाने, म्हणजे प्रति अ‍ॅम्पिअर-तास मोजा. २०० भागिले ४,००० म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. ६० भागिले १,२०० म्हणजे तेच, ०.०५. दोन्ही चाचण्या अगदी एकमताच्या निघाल्या. दोन्ही वर्षी खरे अ‍ॅम्पिअर-तास होते १ कोटी १० लाख, त्यामुळे खरं उत्सर्जन साधारण ५५० ग्रॅम. आधीच्या वर्षीचा आकडा दुप्पट जास्त होता, यंदाचा तिसऱ्या हिश्शाने कमी. चाचणी दोन्ही वेळा बरोबर होती, फक्त तिला तासांनी गुणलं होतं.

क्रोमच्या बाबतीत तास हे गुणायला चुकीचं माप का, ते टाकीजवळ उभं राहिलं की दिसतं. क्रोम बाथची, म्हणजे टाकीतल्या द्रावणाची, कॅथोड कार्यक्षमता जेमतेम १० ते २० टक्के. म्हणजे दिलेल्या करंटचा पाचवा हिस्सासुद्धा धातू बसवण्यात जात नाही, उरलेला सगळा पाणी फोडण्यात जातो. एक अ‍ॅम्पिअर-तास पूर्णपणे हायड्रोजन काढण्यात गेला तर शून्य अंशाला सुमारे ०.४२ लिटर वायू निघतो. ४,००० अ‍ॅम्पिअरवर तासाभरात हजार-दीड हजार लिटर हायड्रोजन कॅथोडवरून आणि त्याच्या निम्म्या हिशेबाने ऑक्सिजन अ‍ॅनोडवरून वर येतो. हे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना बाथचे बारीक तुषार उडवतो. उत्सर्जन म्हणजे हे तुषार. क्रोमिक आम्ल स्वतः त्या तापमानाला उडून जात नाही. करंट बंद केला की पाचेक मिनिटांत टाकीवरचं पिवळट धुकं विरतं. करंट नाही तर बुडबुडा नाही, आणि बुडबुडा नाही तर क्रोमियम हवेत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती: क्रोमच्या टाक्यांसाठी चाचणीचा निकाल नेहमी मिलिग्रॅम प्रति अ‍ॅम्पिअर-तास असा लिहून ठेवा. चाचणीच्या दिवशी सुरुवातीला आणि शेवटी अ‍ॅम्पिअर-तासाच्या मीटरचे फोटो काढा. एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

सांद्रता घटली म्हणून पेढे वाटू नका

याच गोंधळाचा धाकटा भाऊ. एका ठिकाणी फॅन बदलला. हवा २०,००० वरून ३०,००० घनमीटरवर गेली आणि सांद्रता ०.०१० वरून ०.००७ वर आली. अहवालात लिहिलं गेलं, "३० टक्के घट". गुणाकार करून पाहा: आधी तासाला २००, आता २१०. घट काहीच नाही, आपण हवा घालून पातळ केलं इतकंच. पूर्वी टाकीवरून निसटणारे थोडे तुषार आता चिमणीत येऊ लागले असतील, म्हणून उलट दहा मिलिग्रॅम वाढले.

अ‍ॅम्पिअर-तास खरे आहेत का?

आता प्रश्न असा की १ कोटी १० लाख हा आकडा आला कुठून. बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक सापडतं: रेक्टिफायरच्या पाटीवरची क्षमता गुणिले चालू तास, नाहीतर मीटर. पाटीवरचा आकडा कधीच वापरू नका. ५,००० अ‍ॅम्पिअर गुणिले ६,००० तास म्हणजे ३ कोटी, खऱ्याच्या पावणेतीन पट.

हे ३ कोटी खोटं आहे हे मीटर नसतानाही सिद्ध करता येतं, आणि माझी ही सगळ्यात आवडती पडताळणी. सहा संयुजी क्रोमियमपासून धातू बसवायला एका अणूमागे सहा इलेक्ट्रॉन लागतात. कार्यक्षमता १०० टक्के असती तर एका अ‍ॅम्पिअर-तासात ०.३२३ ग्रॅम क्रोम बसलं असतं. १५ टक्के धरली तर ०.०४८५ ग्रॅम. ३ कोटी अ‍ॅम्पिअर-तासांना १,४५५ किलो धातू, आणि तेवढा धातू यायला सुमारे २,८०० किलो क्रोमिक आम्ल लागेल, कारण क्रोमिक आम्लाच्या फ्लेक्समध्ये क्रोमियम वजनाने ५२ टक्के. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये वर्षभराची खरेदी होती १,९०० किलो. ड्रॅग-आउटमध्ये, म्हणजे मालाला चिकटून टाकीबाहेर, किती गेलं, गाळात किती गेलं, हे नंतर बघू, पण विकत घेतलं त्यापेक्षा जास्त क्रोम कोणी रॉडवर चढवू शकत नाही. १ कोटी १० लाखांना हाच हिशेब केला तर १,०२५ किलो येतो. बाकीचं धुण्यात, गाळात आणि बाथ भरून काढण्यात गेलं असं मानायला जागा राहते.

मीटर असला तरी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. नेहमीचा दोष शंटचा, म्हणजे करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेल्या छोट्या रोधाचा. शंट ५,००० अ‍ॅम्पिअरला ७५ मिलिव्होल्टचा आणि मीटर सेट केलेला ५० मिलिव्होल्टच्या शंटसाठी, तर मीटर सरसकट दीडपट दाखवतो. डीसी क्लॅम्प मीटर बसबारला लावून एकदा ताडून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मग पॅनेलवरच्या आकड्याला दहाने गुणायचं की हजाराने, हे मीटरच्या पाटीवरून वाचा, कुणाला तोंडी विचारू नका. मीटर भरल्यावर शून्यावर येतो तो दिवस लॉगबुकात नोंदलेला असतो का, तेही पाहा.

आणि उलट बाजूची चूक: उत्पादनावरून अ‍ॅम्पिअर-तास काढणारे काही अ‍ॅम्पिअर-तास विसरतात. जाडी आणि क्षेत्रफळावरून हिशेब केला की जॉबवर बसलेल्या धातूचा करंट येतो, पण प्लेटिंगआधी रिव्हर्स एच करताना, म्हणजे करंट उलटा फिरवून पृष्ठभाग किंचित खरवडताना, जो करंट जातो तो येत नाही. रिजेक्ट मालाचा येत नाही. आणि डमीचा तर कुणाच्याच लक्षात येत नाही. बाथमध्ये तीन संयुजी क्रोमियम वाढलं की छोटा कॅथोड आणि मोठा अ‍ॅनोड लावून रात्रभर करंट सोडतात, त्याचं उत्पादन शून्य आणि तुषार भरपूर. शनिवारी रात्री शेडमध्ये कोणी नसताना टाकी सगळ्यात जास्त धुरकट असते ती यामुळेच.

ग्रेन, क्रोमियम आणि क्रोमिक आम्ल

चाचणी नसेल तर फॅक्टर, म्हणजे प्रति एकक उत्सर्जनाचा छापील आकडा, वापरावा लागतो. सगळे जातात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, एपी-४२ या संग्रहाकडे. त्यातलं इलेक्ट्रोप्लेटिंगचं प्रकरण १९९६चं. हार्ड क्रोमला, कुठलंही नियंत्रण नसताना, एका अ‍ॅम्पिअर-तासाला ०.१२ ग्रेन क्रोमियम. ग्रेन हे सोनाराच्या गुंजेसारखं बियांवरून आलेलं जुनं माप, एका ग्रेनचे ६४.८ मिलिग्रॅम आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड. म्हणजे ०.१२ ग्रेन म्हणजे ७.८ मिलिग्रॅम. १ कोटी १० लाखांना सुमारे ८६ किलो, आणि हा आकडा टाकीतून निघणारा, चिमणीतून बाहेर पडणारा नाही.

इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत मी स्वतः पडलो आहे.

एक, ग्रेनचे ग्रॅम समजणं. फरक पंधरा पटींचा, त्यामुळे लगेच कळतं. दोन, क्रोमियम आणि क्रोमिक आम्ल यांची सरमिसळ. प्रयोगशाळा बाथचा अहवाल लिटरला २५० ग्रॅम असा देते तो क्रोमिक आम्लाचा, त्यात क्रोमियम १३०. गुणाकार कुठल्या तरी एका टप्प्यावर दुसऱ्याच पदार्थाचा होतो आणि उत्तर १.९ पट फुगतं किंवा तेवढंच बसतं. १.९ पट म्हणजे इतकंही मोठं नाही की कुणाचा संशय जाईल, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. तुमचा आकडा जुन्या आकड्याच्या जवळपास दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर आधी इथे बघा.

तीन, नियंत्रण दोनदा वजा करणं. फॅक्टरच्या तक्त्यांत काही ओळी नियंत्रणासकट असतात. ती ओळ उचलायची आणि वर पुन्हा स्क्रबरचे ९९ टक्के वजा करायचे, असं झालेले अर्ज मी पाहिले आहेत. आकडा इतका गोड येतो की कोणी तक्रार करत नाही. चाचणी होते त्या दिवशी मात्र शंभरपट जास्त निघतं आणि सगळे स्क्रबरला शिव्या देतात.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवण्याच्या, म्हणजे क्रोमिक आम्लातल्या अ‍ॅनोडायझिंगचा फॅक्टर मात्र अ‍ॅम्पिअर-तासांवर नाही, टाकीच्या पृष्ठभागावर आणि तासांवर आहे. तिथे हार्ड क्रोमची सवय लावून अ‍ॅम्पिअर-तास भरले तर उत्तराला अर्थच उरत नाही.

फ्युम सप्रेसंट: आकडा हलतो त्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच

अ‍ॅम्पिअर-तास बरोबर, एकक बरोबर, तरी प्रति अ‍ॅम्पिअर-तास आकडा एका चाचणीत ०.०५ आणि दुसऱ्यात ०.३ आला, तर मी पृष्ठताणाची वही मागतो. सप्रेसंट, म्हणजे बाथमध्ये टाकायचं तुषार दाबणारं रसायन, बाथचा पृष्ठताण खाली आणतो, बुडबुडा हळू फुटतो, तुषार कमी उडतात. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ डाइन प्रति सेंटिमीटर. अमेरिकेच्या २०१२च्या सुधारित क्रोम नियमात स्टॅलॅग्मोमीटरने, म्हणजे थेंब मोजणाऱ्या काचेच्या नळीने, मोजला तर ४०च्या आत आणि टेन्सिओमीटरने मोजला तर ३३च्या आत अशी मर्यादा आहे. दोन यंत्रांना दोन मर्यादा दिल्या आहेत त्याला कारण आहे: एकाच बाथला दोन्ही सारखं वाचन देत नाहीत. कुणी मध्येच यंत्र बदललं आणि जुनी मर्यादा तशीच ठेवली, तर वही स्वच्छ दिसते आणि टाकी धुरकट.

एका शेडमध्ये वही उघडली. सोमवारी ३६, पुढच्या सोमवारी ३५, त्याच्या पुढच्या सोमवारी ३६. सगळं छान. मी ऑपरेटरला विचारलं, "सप्रेसंट कधी टाकता?" म्हणाला, "सोमवारी सकाळी, मग लगेच मोजतो, साहेब." गुरुवारी दुपारी माझ्यासमोर मोजायला लावलं. स्टॅलॅग्मोमीटरची काच आधी नीट धुऊन घेतली, कारण तिच्या टोकाला जरा जरी क्रोमिकचा पापुद्रा राहिला तर थेंब खोटे पडतात. थेंब मोजून पृष्ठताण काढला, आला ५१. आठवड्याचे चार दिवस टाकी सप्रेसंटशिवाय असल्यासारखीच चालत होती आणि वही फक्त सोमवार सांगत होती. चाचणी बुधवारी झाली होती.

आणखी एक. जुने पीएफओएस (फ्लोरिन असलेलं, निसर्गात न विघटणारं रसायन) असलेले सप्रेसंट फार टिकाऊ होते. त्याच नियमाने अमेरिकेत २०१५पासून त्यांच्यावर बंदी आली आणि बाजारातला माल बदलला. नवीन प्रकार बऱ्याच बाथमध्ये लवकर तुटतो. त्यामुळे जुन्या मात्रेवर आणि जुन्या अंतराने भर टाकत राहिलात तर आकडा चढणारच. इथे हिशेब सुधारायचा नसतो, भर टाकण्याचं वेळापत्रक सुधारायचं असतं. मोजणी भर टाकण्याच्या आधी करायची, नंतर नाही.

क्रोमचा नियम दुसऱ्या टाकीला लावू नका

आता मोठा मुद्दा. आतापर्यंतचं सगळं क्रोमपुरतं होतं आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण ज्याला क्रोमचा हिशेब जमतो तो तोच साचा बाकीच्या टाक्यांवर ठोकतो. टाकीतून पदार्थ हवेत जायच्या वाटा मुळात तीन: बुडबुडे फुटून तुषार, बाष्पीभवन, आणि रासायनिक क्रियेत तयार होणारा वायू. प्रत्येक वाटेचा धनी वेगळा. तुषारांचा धनी बुडबुडे, बाष्पीभवनाचा धनी वाफेचा दाब आणि उघडा पृष्ठभाग, क्रियेतल्या वायूचा धनी विरघळलेला धातू. कुठलीही टाकी दिसली की आधी विचारायचं: ही कोणत्या वाटेची?

गंधकाम्लाची पिकलिंग (आम्लात बुडवून गंज-पापुद्रा काढण्याची) किंवा अ‍ॅनोडायझिंगची टाकी घ्या. त्या तीव्रतेला आणि तापमानाला गंधकाम्ल जवळजवळ उडत नाही, तिथे बाष्पीभवनाचं सूत्र लावणं फुकट. वास आणि खोकला येतो तो तुषारांमुळे. शेजारची हायड्रोक्लोरिकची टाकी मात्र पूर्ण वेगळी, कारण हायड्रोजन क्लोराइड हा मुळात वायूच आहे, पाण्यात विरघळवून ठेवलेला.

हायड्रोक्लोरिकची टाकी जवळून

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठ्या उड्या इथे पडतात. बाष्पीभवनाचं नेहमीचं सूत्र सोपं आहे: रेणुभार, वस्तुमान स्थानांतराचा गुणांक, पृष्ठभाग आणि अंशदाब यांचा गुणाकार, भागिले वायू स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान. गुणांक पाण्याच्या ०.८३ सेंटिमीटर प्रति सेकंदावरून रेणुभाराच्या घनमुळाने उतरवतात, हायड्रोजन क्लोराइडला तो ०.६६ येतो.

२० टक्के आम्लावर २० अंशांना हायड्रोजन क्लोराइडचा अंशदाब सुमारे ०.२ मिलिमीटर पारा. सूत्रात घाला, उत्तर येतं दर चौरस मीटरला तासाला जेमतेम १० ग्रॅम. आता तीव्रता ३० टक्के करा. अंशदाब सुमारे १०.६ मिलिमीटर. उत्तर ५०० ग्रॅम. आम्ल दीडपट, वाफ पन्नासपट.

या एका ओळीत हायड्रोक्लोरिकच्या बहुतेक तक्रारींचं उत्तर आहे. वार्षिक सरासरी तीव्रता १२ टक्के होती म्हणून १२ टक्क्यांचा अंशदाब घेतला, तर उत्तर हमखास कमी येतं, कारण वर्षाचं बहुतेक उत्सर्जन बाथ ताजा असतानाच्या थोड्या दिवसांत होऊन जातं. आठवड्या-आठवड्याने किंवा भर टाकल्यापासून टाकून देईपर्यंतचे टप्पे पाडून हिशेब करा. आणि पुरवठादाराकडून आलेलं ३२ टक्क्यांचं आम्ल टाकीत वरून ओततात तो अर्धा तास वेगळा धरा. ओतण्याची नळी बाथच्या पृष्ठभागाखाली सोडली तर तो अर्धा तास बराचसा निकालात निघतो.

अंशदाबाच्या ठिकाणी चुकून एकूण वाफेचा दाब घातला जातो, हीसुद्धा नेहमीची चूक. २० टक्क्यांसारख्या आम्लावर त्या एकूण दाबात पाण्याचा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि मग आपण पाण्याची वाफ आम्ल म्हणून नोंदवतो.

बाथ जुना झाल्यावर मुक्त आम्ल टायट्रेशनने कमी दिसतं, तरी धूर तितका कमी होत नाही, अशीही तक्रार येते. ती भ्रम नाही. लोखंड विरघळून फेरस क्लोराइड साठतं, आणि मिठाने पाणी अडवलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर ढकलला जातो. शुद्ध आम्लाच्या तक्त्यातला अंशदाब जुन्या बाथला कमीच पडतो.

तासांचं काय? इथे रेक्टिफायर नाही, शिफ्टही नाही. टाकी उघडी असेल तोवर बाष्पीभवन चालू. ४ चौरस मीटरची २० टक्क्यांची टाकी ६,००० तासांना सुमारे २३० किलो देते, वर्षभर उघडी ठेवली तर ८,७६० तासांना जवळजवळ ३४० किलो. झाकण घातलेले तास वजा करायचे असतील तर झाकण खरंच घालतात का ते रात्री जाऊन बघा.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, खरेदी वजा वापर करून टाका. ट्रायक्लोरोएथिलीनच्या डीग्रीझरला (सॉल्व्हंटने तेल-ग्रीस काढण्याच्या टाकीला) ते चालतं, किंबहुना तिथे तेच सगळ्यात भरवशाचं, फक्त गाळासोबत गेलेलं सॉल्व्हंट प्रयोगशाळेत मोजून वजा करावं, अख्खा पिंप सॉल्व्हंट धरू नये. पिकलिंगला मात्र हा मार्ग निरुपयोगी. वर्षाला ६० टन ३२ टक्के आम्ल म्हणजे १९.२ टन हायड्रोजन क्लोराइड. लोखंडाने किती खाल्लं, टाकून किती दिलं, यात २ टक्क्यांची चूक म्हणजे ३८४ किलो, जे शोधायचं आहे त्याहून जास्त. हत्तीचं वजन दोनदा करून पाठीवरच्या माशीचं वजन काढल्यासारखं.

नायट्रिकची तपकिरी वाफ

तांब्या-पितळेच्या ब्राइट डिपमधून (आम्लात बुडवून चकाकी आणण्याच्या टाकीतून) किंवा स्टेनलेसच्या पिकलिंगमधून निघणारा तपकिरी वायू बाष्पीभवनाच्या सूत्रात सापडणार नाही. तो धातू विरघळताना तयार होतो. तीव्र नायट्रिकमध्ये तांब्याच्या एका अणूमागे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू, म्हणजे १ किलो तांबं विरघळलं की १.४५ किलो वायू. आम्ल सौम्य असेल तर क्रिया बदलते आणि किलोमागे ०.३१ किलो नायट्रिक ऑक्साइड. म्हणून इथे मोजायचं ते बाथमध्ये साठलेलं तांबं, सोबत रॅकवर चिकटून धुण्याच्या पाण्यात गेलेलं तांबंही. जॉबचं डिपआधीचं आणि नंतरचं वजन घेतलं तर आणखी सोपं.

आणि स्क्रबर. हायड्रोक्लोरिकला ९५ टक्के मिळतात म्हणून नायट्रिकच्या टाकीलाही ९५ वजा करणं ही चूक मी मोठमोठ्या अहवालांत पाहिली आहे. पाण्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे तीन रेणू शोषले जाताना एक रेणू नायट्रिक ऑक्साइड होऊन परत हवेत येतो, आणि नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही. साध्या पाण्याच्या स्क्रबरच्या नावावर इथे फारसं काही वजा करू नका.

सायनाइडच्या टाक्यांचं एकच सांगतो, आकड्यांपेक्षा ते महत्त्वाचं आहे. पीएच साडेनऊच्या खाली सरकला की हायड्रोजन सायनाइड सुटू लागतो. आम्लाच्या आणि सायनाइडच्या टाक्यांचे डक्ट एकत्र जोडलेले दिसले तर उत्सर्जनाचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी ते वेगळे करायला लावा.

चिमणीत आलं तेवढंच मोजलं जातं

फॅक्टर सांगतो टाकीतून किती निघालं, चाचणी सांगते चिमणीतून किती गेलं. मधली गळती कुणीच सांगत नाही. लिप एक्झॉस्ट, म्हणजे काठावरून हवा खेचणारी फट, टाकीच्या एकाच बाजूला असेल आणि टाकी मीटरभर रुंद असेल, तर पलीकडच्या काठाचे तुषार शेडमध्येच पसरतात. मग शेडचं दार, छताच्या जाळ्या, हीच चिमणी. धुराची नळी घेऊन टाकीच्या चारी कोपऱ्यांत धूर सोडा आणि तो स्लॉटकडे वळतो की वर जातो ते बघा. जॉब बाहेर काढताना, क्रेन वरून जाताना, समोरचा पंखा चालू असताना, असं तिन्ही वेळा बघा. एका ठिकाणी सगळं ठीक होतं, फक्त उकाड्यात ऑपरेटरने स्वतःसाठी लावलेला पंखा टाकीवरून वारा घालत होता. त्या वर्षी चिमणीचा आकडा सुंदर आला होता.

उलट, गरम पाण्याच्या धुण्याच्या टाकीवर किंवा इलेक्ट्रोलेस (विजेशिवायच्या) निकेलवर पांढरे ढग दिसले की सगळे तिकडे बोट दाखवतात. ते बहुतेक पाणीच असतं. दिसण्यावरून प्राधान्य ठरवू नका.

चाचणीच्या अहवालात "आढळलं नाही" असं असेल तर हिशेबात शून्य लिहू नका. पद्धतीची किमान मोजमर्यादा लिहा आणि तसं नोंदवा. पुढच्या वर्षी सॅम्पलिंग जास्त वेळ केलं आणि काहीतरी सापडलं, तर शून्यावरून वाढ झाल्याचं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. आणि सामान्य घनमीटर कोणत्या तापमानाचा हे विचारा: शून्य, २० की २५ अंश. शून्य आणि २५ यांत ९ टक्के फरक पडतो. फार नाही, पण दोन प्रयोगशाळांचे आकडे लावून बघताना उगाच डोकं खातो.

राहिलं निकेल. निकेल बाथची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे करंटमुळे वायू जवळपास निघतच नाही. क्रोमच्या पद्धतीने अ‍ॅम्पिअर-तासांवरून काढलं तर आकडा नगण्य येतो. पण बहुतेक निकेल टाक्यांत तळाच्या नळ्यांतून हवा सोडून बाथ ढवळतात, आणि ते बुडबुडेही तसेच फुटतात. रेक्टिफायर बंद, ब्लोअर चालू, तुषार चालू. त्यात ब्राइटनरसोबत (चकाकी आणणाऱ्या रसायनासोबत) वेटिंग एजंट (पृष्ठताण उतरवणारं रसायन) किती पडला यावर पृष्ठताण रोज बदलतो. अशा टाकीचा आकडा मी कागदावर काढतो तेव्हा समोर "अंदाज" असं लिहितो, आणि चाचणी लावायची झाली तर ब्लोअर चालू आणि करंट बंद असा एक वेगळा फेरा घ्यायला सांगतो. मागच्या वेळी असा फेरा घेतला तेव्हा करंट चालू असताना जेवढं निकेल सापडलं होतं, जवळजवळ तेवढंच करंट बंद असतानाही सापडलं.